ज्युनिअर हॉकी : तीन वर्ल्डकप, तीन सेमीफायनल, समोर जर्मनीच. क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं कशी सांभाळायची?

लष्कर_लेफ्टहाफ

चेन्नईच्या ज्युनिअर (२१ वर्षांखालील) वर्ल्डकपला डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलांनी अर्जेंटिनाला ४-२ हरवून ब्राँझ आणलं. ०-२ मागे असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामना १५ मिनिटांच्या चार क्वार्टरचा) चार गोल : अंकित पाल ४९वं मिनिट, मनमीत ५२, शारदानंद तिवारी ५७, अनमोल एक्का ५८. त्याआधीच्या दोन्ही वर्ल्डकपमध्ये चौथ्या क्रमांकावर थांबलो होतो, त्यामुळे या पदकाचा आनंद खराच मोठा. पण ग्वाल्हेरला मुलं तयार करणाऱ्या, शिट्टी धरणाऱ्या, किंवा फक्त हॉकीवर जीव असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा त्या सामन्यावर काढलेला नाही. त्याच्या आधीच्या सामन्यावर काढलाय.

२०२१ भुवनेश्वर, सेमी : जर्मनी ४, भारत २.
२०२३ क्वालालंपूर, सेमी : जर्मनी ४, भारत १.
२०२५ चेन्नई, सेमी : जर्मनी ५, भारत १.

तीन वेगळे संघ, तीन वेगळे कर्णधार (विवेक सागर, उत्तम सिंग, रोहित), आणि अडलो त्याच पायरीवर. जर्मनीचे गोल कोणत्या मिनिटाला झाले ते ओळीने पाहा. २०२१ : १५, २१, २४, २५. २०२३ : ८, ३०, ४१, ५८. २०२५ : १४, १५, ३०, ४०, ४९.

एकूण १३ गोल. त्यातले पाच (१५, ३०, १४, १५, ३०) क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत. चार क्वार्टरची शेवटची दोन-दोन मिनिटं धरली तर ६० पैकी ८ मिनिटं होतात. म्हणजे वेळेच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्यात एक-तृतीयांशाहून जास्त गोल खाल्ले. चेन्नईतच क्वार्टरफायनलला बेल्जियमने बरोबरी साधली ती ५९व्या मिनिटाला, आणि अर्जेंटिनाचा दुसरा गोल आला ४४व्या मिनिटाला.

दुसरी गोष्ट, गोल जोडीने येतात. २०२१ मध्ये २४ आणि २५, २०२५ मध्ये १४ आणि १५. एक खाल्ला की पुढच्या मिनिटात दुसरा.

माझं मत असं की आपली मुलं कौशल्यात कमी पडत नाहीत. क्वार्टर संपवायचा कसा, हे आपण त्यांना वेगळं शिकवतच नाही. जिल्हा पातळीवरच्या किती संघांचा ‘शेवटच्या दोन मिनिटांचा’ स्वतंत्र सराव असतो? यावर जाणकारांनी तपशिलात लिहावं. बदली खेळाडू, प्रेस (समोरच्याला त्याच्याच हद्दीत दाबणं), पेनल्टी कॉर्नर म्हणजे पीसी (बेसलाइनवरून बॉल आत ढकलून सुरू होणारा हल्ला) याचा बचाव, सगळं चालेल. नुसतं ‘फिटनेस वाढवा’ नको.

मुरार_सेंटरहाफ

आकडे बरोबर आहेत, पण तीन सामन्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढताना जपून. ब्राँझच्या लढती घ्या. २०२१ ला फ्रान्सने ३-१ हरवलं, त्यांचे गोल २६, ३४, ४७. २०२३ ला स्पेनने ३-१ हरवलं, त्यांचे गोल २५, ४०, ५१. यातला एकही क्वार्टरच्या शेवटी नाही. तिथे आपण मधल्या वेळात, सरळ खेळात हरलो.

म्हणजे ‘आपण क्वार्टर संपताना ढिले पडतो’ यापेक्षा ‘जर्मनी क्वार्टर संपताना वेग वाढवते’ हे जास्त खरं वाटतं. दोन्हींत फरक आहे. पहिलं असेल तर औषध आपल्या दमसासात शोधायचं. दुसरं असेल तर समोरचा ठरवून काय करतो ते ओळखायला शिकवायचं.

जर्मनीचं ज्युनिअर यश आजकालचं नाही. १९८२ ते १९९३ सलग चार वर्ल्डकप, मग २००९, २०१३, २०२३ आणि २०२५ : एकूण आठ. आपले दोन : २००१ होबार्ट (फायनलला अर्जेंटिना ६-१) आणि २०१६ लखनौ (बेल्जियम २-१). त्यांची मुलं क्लबच्या वरिष्ठ संघात मोठ्या माणसांबरोबर दर आठवड्याला लीग खेळतात. घड्याळाकडे बघून खेळणं तिथून अंगात मुरतं. आपल्याकडे मुलगा अकादमीत वर्षभर सराव करतो, आणि अटीतटीचे सामने त्याला वर्षातून एखाद-दुसऱ्या स्पर्धेतच मिळतात. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक संघात ज्युनिअर खेळाडू घेणं सक्तीचं केलं, ते याच कारणाने महत्त्वाचं आहे.

बेंचवरून

दोघांचंही पटतं. मी बदलीच्या गणितावर लिहितो, कारण क्वार्टरचा शेवट बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

सामन्याला १८ खेळाडू. त्यात दोन गोलकीपर धरले तर मैदानी खेळाडू १६. दहा जागा गुणिले ६० मिनिटं म्हणजे ६०० खेळाडू-मिनिटं. ४-३-३ धरून वाटणी अशी :

चार बचावपटूंच्या जागांसाठी पाच जण, प्रत्येकी ४८ मिनिटं.
तीन मिडफिल्ड जागांसाठी पाच जण, प्रत्येकी ३६ मिनिटं.
तीन फॉरवर्ड जागांसाठी सहा जण, प्रत्येकी ३० मिनिटं.

आता फॉरवर्डच्या दोन तुकड्या, अ आणि ब. बहुतेक ठिकाणी १५ मिनिटांचे सरळ चार भाग करतात : अ ३:४५ पर्यंत, ब ७:३० पर्यंत, अ ११:१५ पर्यंत, ब शेवटपर्यंत. कागदावर समान आणि छान. पण १३:०० ला ब तुकडी पावणेदोन मिनिटं पूर्ण वेगात पळालेली असते आणि अजून दोन मिनिटं बाकी असतात. प्रेस करणारा फॉरवर्ड अर्धा सेकंद उशिरा पोचतो. त्या अर्ध्या सेकंदात समोरचा बॅक मान वर करून लांब पास टाकतो.

त्याऐवजी असं करा : अ ०:०० ते ४:१५, ब ४:१५ ते ८:३०, अ ८:३० ते १२:३०, ब १२:३० ते १५:००. शेवटची पाळी फक्त अडीच मिनिटांची, आणि त्याआधी ब ला चार मिनिटं विश्रांती. अ चे होतात सव्वाआठ, ब चे पावणेसात. पुढच्या क्वार्टरला तुकड्या उलटवा, हिशेब सारखा होतो.

याहून महत्त्वाचं : १२:३० नंतर मिडफिल्डमध्ये बदली नाही. दोन मिडफिल्डर एकदम तर कधीच नाहीत. बदली मध्यरेषेजवळून होते, जाणारा बाहेर पडल्याशिवाय येणाऱ्याला आत पाऊल टाकता येत नाही, आणि घड्याळ थांबत नाही. बॉल उलट्या बाजूच्या कडेला असेल तर आत आलेल्या मुलाला आपल्या जागेवर पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चांगला संघ तेवढ्यासाठीच टपलेला असतो.

पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही, हे मुलांना पाठच हवं. रशर (पीसीचा शॉट अडवायला धावत सुटणारा) बेंचवर बसलेला आणि समोरच्याला पीसी मिळाला, तर तो बाहेरच राहतो. म्हणून दोन्ही तुकड्यांत किमान एकेक तयार पहिला रशर ठेवा.

शिट्टी_हातात

नियमांच्या बाजूने भर घालतो. क्वार्टर संपताना पेनल्टी कॉर्नर का महाग पडतो, ते फार कमी मुलांना माहीत असतं.

वेळ संपण्याआधी पीसी दिला गेला असेल तर भोंगा वाजला तरी तो पूर्ण खेळवला जातो. बॉल डी च्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर दुसऱ्यांदा गेला, किंवा डी पासून पाच मीटरपेक्षा लांब गेला, किंवा गोल झाला, की संपलं. आता विचार करा, नेहमीच्या पीसीला हल्ला करणारा संघ दोन-तीन जण मागे ठेवतो, कारण बॉल सुटला तर उलट हल्ला होईल. भोंग्यानंतरच्या पीसीत उलट हल्ला होऊच शकत नाही. म्हणून ते सगळे पुढे येतात, रिबाउंडवर माणसं जास्त आणि डोक्यात भीती शून्य. बचाव करणारे मात्र तेच : गोलकीपर धरून पाच, बाकीचे मध्यरेषेपलीकडे.

तेव्हा १३व्या मिनिटानंतर डी मध्ये मागून टॅकल नाही. बॉल बेसलाइनकडे जात असेल तर जाऊ द्या, लाँग कॉर्नर परवडतो. तो २३ मीटर रेषेवरून सुरू होतो आणि तुमची माणसं जागेवर येतात. आणि २३ मीटरच्या आत मुद्दाम केलेला फाउल डी च्या बाहेर असला तरी पीसीच मिळतो. स्टिक आडवी घालून पळत्याला अडवणं, फ्री हिटला बॉल लाथेने दूर लोटणं, मुलं हे सर्रास करतात. वर यलो कार्ड मिळालं तर किमान पाच मिनिटं दहा जणांनी खेळायचं. ग्रीन दोन मिनिटांचं. क्वार्टरच्या शेवटी मिळालेलं कार्ड पुढच्या क्वार्टरच्या सुरुवातीलाही भोवतं.

व्हिडिओ रेफरलबद्दल (पंचाचा निर्णय व्हिडिओवर तपासायची मागणी) थोडक्यात : संघाला एकच, दावा बरोबर निघाला तर शिल्लक राहतो. पहिल्या क्वार्टरला रागाच्या भरात वापरू नये.

शॉर्टकॉर्नर

बचावावर बरंच आलं. पण २०२३ ची सेमी विसरू नका. त्या सामन्यात आपल्याला १२ पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि एकावरही गोल झाला नाही. १-४ चा निकाल तिथेच लिहिला गेला. त्याच स्पर्धेत क्वार्टरफायनलला हॉलंडला ४-३ हरवणारा हाच संघ होता. तेव्हा घड्याळ एकीकडे ठेवा आणि पीसीचं यंत्र आधी पाहा.

पीसी म्हणजे तिघांचं काम : इंजेक्टर, स्टॉपर, फ्लिकर (थांबवलेला बॉल स्टिकने ओढत गोलकडे फेकणारा). कौतुक फ्लिकरचं होतं, बिघाड बहुतेक वेळा पहिल्या दोघांत असतो.

इंजेक्टर गोलपोस्टपासून किमान १० मीटरवर बेसलाइनवरून बॉल ढकलतो. एक पाय बाहेर असलाच पाहिजे. बॉल जमिनीला चिकटून आणि दर वेळी त्याच वेगाने यायला हवा. हातभर डावी-उजवीकडे गेला तर स्टॉपर वाकडा होतो, फ्लिकरचं पाऊल चुकतं. उसळी येते ती बॉल ओढण्याऐवजी मारल्याने. मागचा गुडघा जवळजवळ टर्फला टेकेल इतकं खाली बसून, स्टिकच्या मुळाशी बॉल धरून लांब ओढत सोडायचा.

स्टॉपरने बॉल डी च्या बाहेर थांबवायचा, कारण बॉल डी बाहेर गेल्याशिवाय मारलेला गोल धरत नाहीत. थांबलेला बॉल हलता कामा नये, फिरताही कामा नये. स्टिक आडवी, टर्फला टेकलेली आणि किंचित पुढे झुकलेली. ती झुकली नाही की बॉल वर उडतो.

आता १२ पीसी वाया का जातात? कारण समोरचा पहिला रशर तिसऱ्या-चौथ्या वेळेला तुमची लय ओळखतो. इंजेक्शनपासून गोलपर्यंत सगळा मामला दोनेक सेकंदांचा आहे. त्यात रशरला पाव सेकंद आधी कळलं तरी तो रेषेत येऊन उभा राहतो. उपाय म्हणजे वेगवेगळे प्रकार, पण ते सुरुवात सारखी दिसणारे हवेत. फ्लिकरचं धावणं तेच, स्टॉपरची जागा तीच, आणि शेवटच्या क्षणी एक : सरळ फ्लिक, दोन : डावीकडे सरकवून दुसऱ्याचा शॉट, तीन : पोस्टजवळ परतणाऱ्या इंजेक्टरच्या स्टिकवर खालून वेगवान पास, डिफ्लेक्शनसाठी (बॉलची दिशा स्टिकने वळवायला). ज्युनिअर संघाला हे तीनच पुरेत. सात-आठ पाठ करून घेतले की दबावाखाली एकाच्या डोक्यात दोन नंबरचा असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात पाच नंबरचा.

हिट की फ्लिक, हेही मुलांना सांगा. पहिला शॉट हिट असेल तर तो गोलरेषा ४६० मिलिमीटरच्या वर ओलांडू शकत नाही, म्हणजे मागच्या फळीच्या उंचीइतकाच. फ्लिक किंवा स्कूपला (बॉल खालून उचलून टाकणं) ही मर्यादा नाही. म्हणून सगळं जग ड्रॅग फ्लिककडे वळलं. २०१५ च्या ज्युनिअर एशिया कप फायनलला पाकिस्तानविरुद्ध हरमनप्रीतने चार गोल केले होते, त्यावरून कळावं की एक तयार फ्लिकर स्पर्धेचा रंग कसा बदलतो.

पॅड_किकर

गोलकीपरच्या बाजूने. पीसीच्या बचावात पाच जणांची वाटणी आधी ठरलेली हवी : गोलकीपर, पोस्टवर एक, पहिला रशर, त्याच्या मागे-बाजूला दुसरा, आणि तिसरा रिबाउंडसाठी डी च्या मध्यावर.

पहिल्या रशरने बॉल आपल्या उजव्या बाजूला ठेवून पळायचं. म्हणजे स्टिक बॉलच्या रेषेत आणि शरीर रेषेच्या डावीकडे. मुलं शूरपणा दाखवायला सरळ बॉलवर छाती घेऊन धावतात, ते चुकीचंही आहे आणि धोक्याचंही. चांगला फ्लिक ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. मास्क, ग्लोव्ह, गुडघ्याचं गार्ड आणि बॉक्स (जांघेचं गार्ड) यांच्याशिवाय सरावालाही रश करायला लावू नका. सराव म्हणून टेनिस बॉलवर रेषा पक्की करता येते.

नियम असा : शॉटपासून पाच मीटरच्या आत रशरला गुडघ्याखाली बॉल लागला तर पुन्हा पीसी. नीट उभा असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर शॉट धोकादायक, फ्री हिट बचावाला. आधी पळाला तर तो मध्यरेषेपलीकडे जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही, म्हणजे चौघांत बचाव. गोलकीपर आधी हलला तर तो राहतो, पण दुसऱ्या एका बचावपटूला पाठवावं लागतं. जर्मनीसारखा संघ इंजेक्टरच्या खांद्याची लय बदलून तुम्हाला आधी पळायला लावतो. म्हणून रशरने खांदा बघायचा नाही, बॉल बघायचा.

गोलकीपर आणि पहिल्या रशरचा करार शब्दात हवा : ‘मी उजवं घेतो, तुझी डावी.’ गोलकीपर पुढे येऊन कोन कमी करतो, रशर एक बाजू झाकतो. दोघांनी एकच बाजू झाकली की दुसरी मोकळी, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं गोलकीपर चुकला.

माजी गोलकीपर श्रीजेशसारखा माणूस चेन्नईला या ज्युनिअर संघाचा प्रशिक्षक होता, हे गोलकीपरांच्या दृष्टीने फार चांगलं झालं. बेल्जियमविरुद्धच्या शूटआऊटला (बरोबरीनंतर एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरसमोर गोल करायचा) आपला गोलकीपर प्रिन्सदीप ज्या शांतपणे उभा होता, ते शिकवल्याशिवाय येत नाही.

थाटीपूरची_आई

सगळ्यांचं वाचतेय, खूप उपयोगी आहे. मुलगा १४ वर्षांचा, फुलबॅक खेळतो, ड्रॅग फ्लिक शिकायचाय म्हणून मागे लागलाय. या वयात सुरू करावं का? स्टिक कोणती घ्यावी? आणि पाठदुखीचं ऐकलंय ते खरं का?

शॉर्टकॉर्नर

ताई, पाठदुखीचं खरं आहे. फ्लिक करताना कंबर एकाच वेळी वाकते, बाजूला झुकते आणि जोरात वळते. वाढत्या वयात याची पुनरावृत्ती जास्त झाली की मणक्याच्या खालच्या भागाला त्रास होतो. डाव्या खुब्याला आणि जांघेलाही ताण येतो. पण १४ व्या वर्षी तंत्र सुरू करायला हरकत नाही, जोर नंतर. माझा आग्रह आठवड्यात दोनच दिवस, दर वेळी २० ते २५ फ्लिक, त्याहून जास्त नाही. सलग दोन दिवस तर नकोच. कमरेत दुखलं की त्या आठवड्याचं बंद, ‘थोडं सहन कर’ म्हणायचं नाही. दोन आठवडे दुखत राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

क्रम असा ठेवा. पहिले काही आठवडे धावणं नाही. डावा पाय पुढे, रुंद उभं राहून, बॉल मागच्या पायाच्या रेषेत. स्टिकच्या मुळाशी, जिथे दांडा आणि हुक मिळतात, तिथे बॉल बसवायचा आणि टर्फवरून ओढत पुढच्या पायाच्या पलीकडे सोडायचा. बॉल हुकच्या टोकाला गेला तर तो फिरत जातो, वेग येत नाही. हे जमलं की एक क्रॉस पाऊल : उजवा पाय डाव्याच्या मागून. मग पूर्ण धाव.

नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. डावा पाय बॉलच्या फार जवळ पडला तर ओढायला लांबीच उरत नाही. तो बॉलच्या बराच पुढे, लक्ष्याकडे अंगठा करून पडला पाहिजे. डोकं लवकर वर आलं तर बॉल उंच जातो. हातांनी ढकलायची घाई केली तर कंबरेची ताकद वाया जाते. आधी कंबर वळते, मग खांदा, हात सर्वांत शेवटी. आणि उभं राहून फ्लिक होत नाही, डावा गुडघा चांगला वाकायलाच हवा. ज्याला खोल लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवणं) नीट घेता येत नाही त्याला फ्लिक शिकवू नये. आधी लंज.

स्टिक : नियमानुसार बाक जास्तीत जास्त २५ मिलिमीटर चालतो. फ्लिकसाठीच्या ‘लो बो’ स्टिकचा बाक खाली, हुककडे असतो. पण फुलबॅकला लांब हिटही मारायच्या असतात आणि लो बो वर हिट हमखास उडते. १४ व्या वर्षी मधल्या बाकाची, ५० ते ७० टक्के कार्बनची घ्या. ९० टक्क्यांची स्टिक कडक असते, थांबवताना बॉल उसळतो आणि हात झिणझिणतात. उंचीप्रमाणे साधारण ३६ ते ३६.५ इंच. ‘वाढत्या वयाचा आहे’ म्हणून मोठी घेऊ नका.

कंपू_टर्फ

एक गोष्ट आपल्या गावासाठी. एप्रिल ते जून ग्वाल्हेरचं ऊन माहीतच आहे, पारा ४५ ला टेकतो. पाणी न मारलेल्या टर्फवर बॉल अडतो, उड्या मारतो, आणि पडलं की गुडघा सोलून निघतो. कोरड्या टर्फवर फ्लिकची लांब ओढ शिकवू नका, मुलं नकळत बॉल उचलायला लागतात आणि ती सवय मोडता मोडत नाही. पाणी मारल्यावर पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत पीसी उरकून घ्या, खेळ नंतर. बहुतेक जण उलट करतात : पीसी शेवटी, दमल्यावर, वाळलेल्या टर्फवर.

कंपूच्या संकुलातल्या महिला अकादमीच्या मुलींचा सराव बाहेरून जरी बघायला मिळाला तरी मुलांना दाखवा. मोठ्या स्पर्धांत खेळणाऱ्या मुली तिथून निघाल्यात, आणि रूप सिंग, शिवेंद्र सिंग या हॉकीपटूंचं हे गाव आहे. ज्युनिअर हॉकी समजणारी माणसं इथे आहेत, त्यांना विचारायला संकोच नको.

मुरार_सेंटरहाफ

शूटआऊटबद्दल कुणी लिहिलं नाही. २०१६ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धची सेमी २-२, शूटआऊट ४-२. २०२५ ला बेल्जियमविरुद्ध २-२, शूटआऊट ४-३. आणि २०२५ ची फायनल जर्मनीने स्पेनविरुद्ध शूटआऊटवरच जिंकली. म्हणजे बाद फेरीत हे येणारच असं धरून चालावं.

२३ मीटर रेषेवरून आठ सेकंद. मुलं ती संपायला आली म्हणून घाबरून मारतात, प्रत्यक्षात आठ सेकंद बरेच असतात. पहिले तीन डी पर्यंत यायला, दोन-तीन गोलकीपरला एका बाजूला नेऊन बसवायला, उरलेले मारायला. सरावाला कुणीतरी बाजूने मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे सेकंद कानात बसतात. गोलकीपरच्या अगदी अंगाजवळून जाऊ नका, त्याच्या स्टिकच्या आवाक्याबाहेरून वळसा घ्या. वळसा घेताना गोलकीपरने पाडलं तर पेनल्टी स्ट्रोक. बेल्जियमविरुद्ध शारदानंद तिवारीने असे स्ट्रोक गोलात घातले आणि आपण तरलो. म्हणून पाच जणांच्या यादीत एक खात्रीचा स्ट्रोक मारणारा ठरलेला असावा. ६.४० मीटरवरून, मारण्याआधी हुलकावणी नाही. हिट किंवा ड्रॅग चालत नाही, पुश, फ्लिक किंवा स्कूपच.

लष्कर_लेफ्टहाफ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुरार दादांचा आक्षेप मान्य : आपण ढिले पडतो एवढंच नाही, समोरचा वेग वाढवतो. पण औषध दोन्हींसाठी बरंचसं एकच आहे, असं वरचं वाचून वाटतं. एक सराव मांडतो, कोणत्याही संघाला जमेल. सुधारणा सुचवा.

मैदान पूर्ण, ११ विरुद्ध ११, माणसं नसतील तर ८ विरुद्ध ८. घड्याळ १२:३० वर लावून सुरू, अडीच मिनिटांनी भोंगा. बेंचवरूनच्या हिशेबाने फॉरवर्ड ताजे आत, मिडफिल्ड आधी चार मिनिटं पळवून दमवलेलं. कारण खऱ्या सामन्यात तेच असतं. पहिल्या फेरीत बचाव करणारा संघ एका गोलने पुढे, दुसऱ्यात बरोबरी, तिसऱ्यात एका गोलने मागे. फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटं, क्वार्टरमधल्या सुट्टीइतकीच.

पुढे असलेल्या संघाचे नियम : पूर्ण प्रेस नाही, मध्यरेषेच्या थोडं पुढून अर्धा प्रेस, समोरच्याला कडेला ढकलायचं. बॉल मिळाला की मधून लांब स्कूप नाही. तो चुकला तर थेट आपल्या २३ वर हल्ला येतो. त्याऐवजी कडेने त्यांच्या कोपऱ्यात नेऊन फ्री हिट किंवा लाँग कॉर्नर मिळवायचा. फ्री हिटला घाई नको, पण वेळकाढूपणा दिसला तर ग्रीन कार्ड, तेही दाखवायचं.

जोडीने येणाऱ्या गोलांसाठी : गोल खाल्ला की पुढचा पास मागेच, सेंटर हाफकडे किंवा बॅककडे, आणि किमान चार पास आपल्या हद्दीत. गोलाची भरपाई करायला सगळे पुढे धावतात, तिथेच दुसरा बसतो. २०२१ ला २५व्या मिनिटाला आपण उत्तर दिलं, पण त्याच मिनिटात एक खाल्लाही.

प्रत्येक फेरीच्या शेवटी भोंग्यानंतरचा एक पीसी सक्तीने, हल्ला करणाऱ्यांचे सगळे पुढे. नोंद तीनच गोष्टींची : डी मध्ये किती वेळा शिरले, किती पीसी दिले, किती गोल.

बेंचवरून

चांगलंय. एक सुधारणा : मिडफिल्डला चार मिनिटं नुसतं सरळ पळवू नका. २०-२५ मीटरचे तुकडे, वळून परत, मध्ये दहा-बारा सेकंद चालणं. हॉकीत माणूस दमतो तो थांबून-वळून, सरळ रेषेत नव्हे. आणि नोंदीत चौथा रकाना घाला : १२:३० नंतर कुणी बदली मागितली का. मागणारा मुलगा आधीच्या पाळीत जास्त वेळ आत राहिलेला असतो. त्याची पाळी पुढच्या वेळी अर्धा मिनिट कमी करा.

शिट्टी_हातात

आणि सरावाला पंच हवाच, नाहीतर डी मधले टॅकल कुणी मोजत नाही. रविवारी सकाळी कुणी हे करणार असेल तर इथे वेळ लिहा, शिट्टी घेऊन येतो.